कान्हेरीच्या वनातील फुलपाखरे : एक अभ्यासफेरी

आपल्या विद्यालयाच्या विज्ञान प्रयोगशाळेत प्रवेश केल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर एक काचेची पेटी दिसते. माजी विद्यार्थ्यांना ती निश्चितच आठवत असेल. सागवानी चौकट, आत पांढरा कागद, त्यावर टाचणीने टोचून ओळीने बसविलेली बेचाळीस फुलपाखरे, प्रत्येकाखाली शाईने लिहिलेली नावाची चिठ्ठी आणि कोपऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी. विज्ञान प्रदर्शनांत या पेटीला अनेकदा मानाचे स्थान मिळाले. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नोकरीच्या आरंभीच्या काळात मोठ्या कष्टाने ती तयार केली होती. रंग आता फिके पडले आहेत, काहींच्या पंखांना मुंग्यांनी भोके पाडली आहेत, तरीही नव्या तुकडीची मुले अजून तिच्यासमोर घोळका करतात.

या पेटीवरून एक प्रश्न उपस्थित झाला, आणि त्या प्रश्नाने आम्हांस कान्हेरीच्या वनात नेले. त्या अभ्यासफेरीचा वृत्तान्त येथे मांडावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. वृत्तान्तासोबत तेथे जे शिकावयास मिळाले तेही पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विद्यालयात सायंवंदनेनंतर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमशः वाचन होते. एके सायंकाळी अहिंसेविषयीचे प्रकरण वाचनात आले. तथागतांनी अहिंसा हा न वाकणारा नियम म्हणून सांगितला नाही, तर एक तत्त्व म्हणून सांगितला. हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत त्यांनी भेद केला, हे बाबासाहेबांचे विवेचन आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नववीतील एक विद्यार्थिनी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, ही फुलपाखरे मारण्याची गरज होती, की इच्छा होती?"

वर्गात उपस्थित असलेल्या आम्हा दोघा शिक्षकांना तत्काळ उत्तर सुचले नाही. आमच्यात पुढे चार-पाच दिवस या प्रश्नाचा खल चालला. एक पक्ष असा की, जगातील कीटकशास्त्र अशाच संग्रहांवर उभे आहे. मुंबईस 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांनी नमुने जतन केले नसते, तर आज आपण ज्या नावांनी फुलपाखरे ओळखतो ती नावे निश्चित करणेच कठीण झाले असते. दुसरा पक्ष असा की, शास्त्रज्ञाची गरज वेगळी आणि नववीच्या वर्गातील प्रकल्पाच्या गुणांची गरज वेगळी. त्यातही कायद्याचा प्रश्न होताच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत वाघ-बिबट्यांप्रमाणे कित्येक फुलपाखरांचीही नावे आहेत, ही गोष्ट आमच्यापैकी काहींना त्या निमित्ताने प्रथमच समजली. अखेर ही पेटी ज्यांनी केली त्या निवृत्त सरांनाच विचारावे, असे ठरले. त्यांना प्रश्न ऐकून वाईट वाटेल, ही भीती होती, आणि ते वाटलेही. क्षणभर थांबून ते म्हणाले, "त्या वेळी मला गरजच वाटली होती. आज तसे ठामपणे सांगता येणार नाही. मुलांना घेऊन रानात जाऊ. पेटीशिवाय अभ्यास होतो की नाही, ते तिथेच पाहू."

रान कोणते निवडावे, यावर मात्र मतभेद झाला नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरीची लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल, असे येते. एकीकडे मुंबईची उपनगरे, दुसरीकडे ठाणे, आणि मध्ये सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे वन. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत ते टिकले, याचे एक मोठे कारण पाणी. 1860 मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि 1879 मधील तुळशी तलाव यांतून मुंबईस पाणी मिळते. या तलावांच्या पाणलोटाचे रान राखणे शहराला भागच होते. येथे बिबट्या आहे, चितळ आणि सांबर आहेत, आणि दीडशेहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत. आणि याच रानात सुमारे हजार वर्षे भिक्खुसंघ राहिला.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती झाली आणि त्यानंतरच्या शनिवारी पहाटे अडतीस विद्यार्थी, आम्ही तिघे शिक्षक आणि निवृत्त सर असे निघालो. सोमवारी उद्यान बंद असते आणि रविवारी गर्दी फार असते, म्हणून शनिवार. पाऊस ओसरल्यानंतरचे हे दिवस, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंतचे, फुलपाखरांसाठी सर्वोत्तम. पावसात पालवी भरपूर फुटते, त्या पालवीवर अळ्या पोसल्या जातात, आणि ऊन पडू लागताच कोशांतून फुलपाखरे बाहेर येतात. वर्षावासाचा काळ आणि अळ्यांचा काळ हा एकच आहे, हे तोवर आमच्या ध्यानातच आले नव्हते.

विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाची कथा आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, तेव्हा लोक तक्रार करू लागले की, हे श्रमण हिरवे गवत तुडवीत हिंडतात, असंख्य बारीक जीव यांच्या पायांखाली मरतात. पक्षीसुद्धा पावसात घरट्यात राहतात, यांना तेवढेही कळू नये काय? त्यावरून तथागतांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ही कथा आम्ही प्रतिवर्षी सांगत आलो. परंतु सांगताना ते 'बारीक जीव' म्हणजे नेमके कोण, हे आम्ही मुलांना कधी दाखविले नव्हते.

निघण्यापूर्वी सरांनी चार गोष्टी बजावल्या होत्या. जाळी आणावयाची नाही. कशालाही हात लावावयाचा नाही. दोघा-दोघांच्या जोडीने एक वनस्पती निवडावयाची आणि तिच्यापासून चाळीस मिनिटे हलावयाचे नाही. नाव ठाऊक नसेल तर नोंदवहीत नाव लिहावयाचे नाही. जे दिसले तेवढेच लिहावयाचे. मुलांना तिसरी अट जाचक वाटली. फुलपाखरे पाहावयास निघालेल्यांना झुडपापाशी उभे करणे ही शिक्षाच होय, असे दोघा-तिघांनी बोलूनही दाखविले.

परंतु सरांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. फुलपाखरू कोणत्याही फुलावरचा मध पिते, त्याची अळी मात्र ठराविक वनस्पतींचीच पाने खाते. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पानाची चव घेते, आणि ती चव योग्य असेल तरच अंडे घालते. म्हणून जेथे खाद्यवनस्पती नाही, तेथे फुलपाखरू केवळ पाहुणे. आधी झाड ओळखावे, मग फुलपाखरू आपोआप ओळखू येते. उद्यानातील काही वाटांवर परवानगी काढून वाटाड्यासह जावे लागते. आमच्याबरोबर आलेले वाटाडे येथल्याच पाड्यावरचे वारली गृहस्थ होते. झाडांची नावे आम्ही पुस्तकात शोधीत होतो, ती ते चालता चालता सांगत होते. मुले त्यांना काका म्हणू लागली आणि दुपारपर्यंत आम्हा शिक्षकांपेक्षा त्यांच्याच भोवती अधिक दिसू लागली.

पहिले दर्शन एका आंब्याच्या झाडाने घडविले. त्याच्या फांदीवर बांडगूळ वाढले होते. बांडगूळ म्हणजे झाडाचे रक्त शोषणारे, ते दिसताच कापावे, असे आपण शिकलो. परंतु त्या बांडगुळाभोवती एक फुलपाखरू पुन्हा पुन्हा घिरट्या घालीत होते. पंख मिटले की खालच्या बाजूस हळदीसारखा पिवळा रंग आणि कडेला कुंकवासारखे ठिपके. इंग्रजीत याला कॉमन जेझेबेल म्हणतात, मराठीत हळदीकुंकू. दोन्ही नावांत आम्हांस मराठीच अधिक नेमके वाटले. या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच वाढतात. बांडगूळ सरसकट नष्ट केले तर हळदीकुंकूही जाईल. याच आंब्याच्या एका पानावर, वाटाड्या काकांनी बोट न लावता दाखविलेली, एक हिरवी अळी होती. दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे, पाठीवरून एक फिकट पिवळी रेघ, आणि ती रेघ पानाच्या मधल्या शिरेवर इतकी तंतोतंत जुळविलेली की, आमच्यापैकी एका शिक्षकाला ती तीनदा दाखविल्यावर दिसली. हे कॉमन बॅरन या तपकिरी फुलपाखराचे बालपण. आपल्या गावाकडील आंब्यांवरही ते असते, पाहणारा हवा.

कारवीपाशी थांबलेल्या जोडीला सुरुवातीची पंचवीस मिनिटे काहीच दिसले नाही. येथील कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 साली आणि त्यानंतर 2024 साली ती फुलली. आम्ही गेलो ते वर्ष फुलांचे नव्हते. दोन्ही मुले कंटाळली होती. तेवढ्यात समोरच्या खोडावरील एक वाळके पान उडाले, उडताना त्याला गडद निळा रंग आणि फिकट निळसर पट्टा फुटला, आणि पलीकडच्या खोडावर बसताच ते पुन्हा वाळके पान झाले. देठ होता, मधली शीर होती, पानावर पडतात तसे बुरशीचे डागसुद्धा होते. हे ब्लू ओकलीफ. याच्या अळ्या कारवीची पाने खातात, आणि स्वतः ते फुलांवर क्वचितच जाते. झाडाचा पाझरणारा रस आणि कुजकी फळे हे त्याचे अन्न. मुलांच्या नोंदवहीत त्या दिवशीचे वाक्य असे आहे : 'पान उडाले. पुन्हा पान झाले. दोघांनी पाहिले, म्हणून खरे.' यात शास्त्रीय पद्धतीचे सारे काही आले आहे, असे आमचे मत आहे.

वाटेवर टणटणीची झुडपे जागोजागी होती, आणि तिच्या फुलांवर फुलपाखरांची सर्वाधिक गर्दी होती. मुलांनी साहजिकच निष्कर्ष काढला की, टणटणी लावावी म्हणजे फुलपाखरे वाढतील. येथे त्यांना थांबवावे लागले. ही परदेशातून बागेसाठी आणलेली आणि मग रानभर पसरलेली वनस्पती आहे. ती मध देते, परंतु आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिचे पान चालत नाही. आणि ती ज्या जागेत दाट वाढते, तेथील गवत, वेली आणि रोपे, म्हणजेच अळ्यांचे अन्न, मागे हटते. पाहुणचार मोठा आणि घर मोडलेले, अशी ही स्थिती. वर्दळ दिसते तेथे समृद्धी असतेच असे नाही, हे समजण्यास मुलांना वेळ लागला नाही. आम्हांस लागला होता.

पाड्याजवळच्या मोकळ्या माळावर खुळखुळ्याची झुडपे होती. तेथे नारिंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पंखांची बिबळ्या कडवा आणि तपकिरी-काळी हबशी ही फुलपाखरे शेंगांना आणि सुकलेल्या पानांना सोंडेने चाचपीत होती. ती मध पीत नव्हती. खुळखुळ्यातील कडू द्रव्ये नरांना मादीस आकर्षून घेणारा गंध सिद्ध करण्यासाठी लागतात. बिबळ्या कडव्याची अळी रुईची पाने खाते आणि रुईच्या चिकातील विष शरीरात साठविते. पक्ष्याने एकदा असे फुलपाखरू गिळले की त्याला ओकारी होते, आणि तो रंग त्याच्या कायमचा लक्षात राहतो. म्हणूनच बिबळ्या कडवा इतका संथ उडतो. त्याला घाई करण्याचे कारण नसते.

ज्या विद्यार्थिनीने पेटीविषयी प्रश्न विचारला होता, ती याच माळावर बसली होती. तिच्या वहीतील नोंद अशी होती की, एक नारिंगी फुलपाखरू इतरांसारखेच आहे, पण खुळखुळ्याकडे फिरकत नाही. ते जमिनीलगत उडते आणि गवतात उतरून घोळीच्या भाजीच्या पानांखाली पोट वळविते. इतरांच्या मागील पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके आहेत, याच्या पंखावर एकच आहे. तिने ही वही सरांना दाखविली. सरांनी ती दोनदा वाचली. मग ते स्वतः जाऊन गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ त्या घोळीकडे पाहत राहिले.

ते छोटा चांदवा या फुलपाखराची मादी होती. याचा नर काळा, पंखांवर पांढऱ्या चंद्रासारखे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी. हिच्या अळ्या घोळीसारख्या निरुपद्रवी वनस्पतींवर वाढतात, हिच्या अंगी विष नाही. केवळ रंगाच्या नकलेवर ती पक्ष्यांपासून बचावते. अशी नक्कल तेव्हाच चालते जेव्हा नकला थोड्या आणि अस्सल पुष्कळ असतात. नकलाच वाढल्या तर पक्षी धीट होतात. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराची मादीही अशीच बहुरूपी. तिची काही रूपे लाल ठिपक्यांच्या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात, तर एक रूप आपल्या नरासारखेच असते.

यानंतर जे घडले ते सांगणे अवघड आहे, परंतु वगळणे बरे नव्हे. ओढ्याच्या काठी ओल्या मातीवर पिवळी, पांढरी आणि निळसर पट्ट्यांची पन्नास-साठ फुलपाखरे पंख मिटून दाटीने बसली होती. याला चिखलपान म्हणतात. ओलसर मातीतील क्षार, विशेषतः मीठ, ती शोषून घेतात. यांत बहुतेक सारे नर असतात, आणि काही जातींत हे क्षार नराकडून मादीला आणि पुढे अंड्यांना मिळतात. मुले शिकविल्याप्रमाणे पाच पावले दूर, नि:शब्द बसली होती. सर्वांना एका दृष्टिक्षेपात पाहता यावे म्हणून आमच्यापैकी एक शिक्षक दोन पावले मागे सरले. त्यांच्या बुटाखाली तीन फुलपाखरे गेली. सारा थवा एकदम उडाला. कोणी ओरडले नाही. एका लहान मुलाने तेवढे म्हटले, "सर, तुम्ही मागे नाही पाहिलंत."

दंडक मुलांसाठी घातलेला, आणि तो मोडला गेला तो शिक्षकाकडून. ती तीन फुलपाखरे मुलांनी एका पानावर उचलून कडेला ठेवली. ती पेटीत घ्यावीत का, असे एकाने विचारले. सरांनीच नको म्हटले.

दुपारी आम्ही लेण्यांकडे चढलो. जेवणाच्या वेळी माकडांनी दोन डबे आणि एक केळ्यांची फणी पळविली, त्याचे वर्णन मुलांकडून ऐकावे. आमच्याने ते गांभीर्याने होणार नाही. कान्हेरीस शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतील सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहून मुले स्तब्ध झाली. तेथे आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. परंतु आमचे लक्ष या खेपेस वेगळ्याच गोष्टींकडे गेले. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत तिला पोढी म्हणतात. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून या टाक्यांत उतरविलेले आहे. त्या पाण्याच्या बळावर भिक्खू येथे राहिले. टाक्यांची दाने कोणी दिली, हेही कोरलेले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने तर वाट दान केली. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानांविषयी पुस्तकांत पुष्कळ वाचावयास मिळते. लोहाराने रानातील वाट दान करावी, हे आमच्या मुलांना अधिक भावले. त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील हातावर पोट असलेले आहेत.

एका विद्यार्थ्याने विचारले, भिंतींवर नावे कोरणे वाईट, असे आपण म्हणतो, मग हे काय? प्रश्न योग्य होता, कारण 90 क्रमांकाच्या लेण्यात तर दानाचाही संबंध नाही. सन 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी तेथे पहलवी लिपीत आपली नावे आणि दिनांक कोरून ठेवले आहेत. इतिहासाच्या शिक्षकांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ते फारसे समाधानकारक झाले नाही. शेवटी मुलांनीच तोडगा काढला : आपल्याजवळ वही आहे, त्यांच्याजवळ नव्हती.

परत उतरताना पायऱ्यांशेजारी एक मोठे, मखमली काळे आणि आकाशी निळ्या पट्ट्यांचे फुलपाखरू आमच्यापुढून डौलात निघून गेले. निलवंत, इंग्रजीत ब्लू मॉर्मन. 2015 साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे करणारे आपले देशातील पहिले राज्य. याच्या अळ्याही लिंबू वर्गातील झाडांवर वाढतात. सरांनी सांगितले की, याला पकडण्यासाठी ते तरुणपणी तीन दिवस जाळी घेऊन हिंडले होते. त्या दिवशी मात्र ते दिसेनासे होईपर्यंत नुसते उभे राहिले.

पालकांसाठी एक गोष्ट येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण अनेकांना कान्हेरीस जाणे जमणार नाही. घरी कढीपत्ता किंवा लिंबू असेल, तर त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी आढळते. बहुतेक घरी ती चिरडली जाते. ती कॉमन मॉर्मनची किंवा त्याच्या जातभाईची अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले तांबडे शिंगासारखे अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला त्याचा काहीही अपाय नाही. दोन-तीन आठवडे चार डहाळ्यांची पाने तिच्यासाठी सोडली, तर कोश आणि मग फुलपाखरू, हा सारा प्रवास मुलांना अंगणातच पाहावयास मिळतो. झाड पुन्हा पालवते. बांधावरची रुई उपटू नये. कुंडीत पानफुटी लावता येते, तिच्यावर रेड पिएरो हे लाल-काळे, चिमुकले फुलपाखरू येते. मात्र औषध फवारलेल्या झाडांवर ही अपेक्षा ठेवू नये.

परतल्यावर सोमवारी सकाळी ती विद्यार्थिनी प्रयोगशाळा उघडण्याची वाट पाहत दारात उभी होती. पेटीतील तिसऱ्या ओळीत 'बिबळ्या कडवा' अशी चिठ्ठी लावलेली दोन फुलपाखरे आहेत. डावीकडच्याच्या मागील पंखावर मध्यभागी ठिपके आहेत. उजवीकडच्याच्या पंखावर एकच. वीसहून अधिक वर्षे आम्ही सर्व ती चिठ्ठी वाचत होतो, तीवरून शिकवीत होतो, परीक्षेत तिच्या आकृत्या काढवून घेत होतो. फुलपाखरू मारून, पंख पसरवून, काचेआड टाचलेले होते. तरीही ते कोण आहे हे आम्हांस कळले नव्हते. ते कोठे उतरते आणि कोणत्या पानाची चव घेते, हे पाहिल्यावर एका सकाळीत कळले.

सरांना दूरध्वनी केला, तेव्हा ते त्याच दिवशी सायंकाळी आले. पेटी आता काढून टाकावी, असे आमच्यापैकी एकाने सुचविले. विद्यार्थिसभेत त्यावर चर्चा झाली आणि मुलांनी बहुमताने ठरविले की, पेटी राहू द्यावी; यापुढे तिच्यात भर पडू नये. नोंदवह्यांसाठी पेटीखाली एक फळी बसविण्यात आली. त्या फेरीपासून आजवर तेथे अकरा वह्या जमा झाल्या आहेत, आणि त्यांपैकी दोन घरच्या कढीपत्त्याच्या आहेत.

सरांनी काच उघडून टाचणी हलविली नाही. जुनी चिठ्ठीही त्यांनी काढली नाही. तिच्यावर शाईने एक आडवी रेघ मारली आणि खाली, आता थोड्या थरथरत्या अक्षरात, लिहिले : छोटा चांदवा, मादी. त्याच्याखाली त्यांनी त्या विद्यार्थिनीचे नाव आणि तिच्या नोंदीचा दिनांक लिहिला.